इंग्रजीचं लॅटिन करून देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं लोक माझ्याकडे इंग्रजी वाक्यं पाठवतात आणि म्हणतात, याचं जरा लॅटिन करून द्या. कुणाला दंडावर गोंदवायचं असतं, कुणाला संस्थेच्या बोधचिन्हाखाली टाकायचं असतं, कुणाला सह्याद्रीत नवं झुडूप सापडलेलं असतं. प्रश्न मात्र तेच तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. लॅटिन शब्द इथे देवनागरीतच दिले आहेत. गोंदवायचं असेल तर रोमन स्पेलिंग वेगळं मागून घ्या, कानाला लागेल तसं स्वतः जुळवू नका.

नुसतं वाक्य पाठवलं तर चालेल ना?

नाही चालत. 'नेव्हर गिव्ह अप' हे माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य. ते आलं की मी उलट विचारतो: कोण कुणाला सांगतंय? एकाला की पुष्कळांना? की स्वतःलाच बजावायचंय? आणि 'गिव्ह अप' म्हणजे काय? शरण जाणं, हातातलं काम अर्धवट टाकणं, आशा सोडणं की सिगारेट सोडणं? इंग्रजीत हे सगळं एकाच शब्दात मावतं. लॅटिनमध्ये शरण जाण्याला 'केदेरे', काम सोडण्याला 'देसिस्तेरे', आशा सोडण्याला 'देस्पेरारे'. मग 'मी कधीच हार मानणार नाही' याचं 'नुम्क्वाम केदाम', 'आम्ही मानणार नाही' याचं 'नुम्क्वाम केदेमुस', आणि दुसऱ्याला सांगायचं असेल तर रचनाच वेगळी.

लोक यावर वैतागतात. एकाने लिहिलं होतं, 'साहेब, तीनच शब्द आहेत.' तीनच आहेत म्हणून तर विचारावं लागतं. लांब वाक्यात संदर्भ आपोआप येतो.

एका इंग्रजी शब्दाला लॅटिनमध्ये चार-चार शब्द कसे निघतात?

इंग्रजीची बरणी मोठी आहे आणि तिच्यात सगळं एकत्र ओतलेलं आहे. 'फ्री' घ्या. गुलाम नसलेला तो 'लिबेर'. पैसे न पडता मिळालं ते 'ग्रातिस'. खुर्ची फ्री असेल तर 'वाकुउस'. माणूस संध्याकाळी फ्री असेल तर 'ओतिओसुस'. बांधलेलं सुटलं तर 'सोलुतुस'.

आता हेच मराठीत म्हणून पाहा: स्वतंत्र, फुकट, रिकामी, सवडीत असलेला, मोकळा. पाचही वेगळे, आणि आपण ते न चुकता वापरतो. 'आज संध्याकाळी मी फुकट आहे' असं कोणी म्हणत नाही. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आणि या पानावर ते पुन्हा पुन्हा येणार आहे: इंग्रजी वाक्य आधी मराठीत आणा. पुस्तकी मराठीत नको, आईशी बोलता त्या मराठीत. इंग्रजीने झाकलेला अर्थ तिथे उघडा पडतो आणि लॅटिनचं निम्मं काम होऊन जातं.

'स्ट्राँग' हा असाच फसवा शब्द. कोशात पहिला 'फोर्तिस' दिसतो, पण फोर्तिसमध्ये धैर्य जास्त आहे. अंगात बळ असलेला तो 'वालिदुस'. व्यायामशाळेच्या पाटीवर कुठला टाकायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि 'फॅमिली'साठी 'फामिलिया' मागणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रोमन माणसाच्या फामिलियात घरचे गुलामही धरलेले असत. शब्दच मुळी 'फामुलुस', म्हणजे चाकर, यावरून आलेला. तरी 'फामिलिया आंते ओम्निया', सगळ्याआधी कुटुंब, हे लॅटिन म्हणून बिनचूक आहे आणि आजचा वाचक ते सरळच घेईल. मूळ ठाऊक असावं एवढंच.

मराठीचा लॅटिनशी काय संबंध? उगाच अभिमान म्हणून सांगताय का?

नाही, कामाचं म्हणून सांगतो.

नात्यांपासून सुरू करू. 'अंकल'चं लॅटिन काय, असं विचारलं की मी विचारतो, काका की मामा? काका म्हणजे 'पात्रुउस', मामा 'आवुन्कुलुस'. आत्या 'आमिता', मावशी 'मातेर्तेरा'. इंग्रजी 'अंकल' हा त्या आवुन्कुलुसवरूनच आला, म्हणजे खरं तर तो मामा. काकाच्या जागीही तोच जाऊन बसला. सासू 'सोक्रुस', तिचं संस्कृत श्वश्रू. सून 'नुरुस', संस्कृत स्नुषा. दीर 'लेविर', संस्कृत देवृ. आणि जावा म्हणजे 'यानित्रिकेस'. संस्कृत यातृ, त्यावरूनच आपली जाऊ. नवऱ्याच्या भावाच्या बायकोला इंग्रजीत धड एक शब्द नाही. रोमन सुनेला तो होता आणि आपल्या सुनेला अजून आहे.

मग 'नको'. 'डोन्ट क्राय' लॅटिनमध्ये कसं म्हणायचं? 'नोली फ्लेरे'. 'फ्लेरे' म्हणजे रडणं. 'नोली' हे 'नोल्ले' या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आणि त्याचा मूळ अर्थ 'इच्छा नसणं'. अनेकांना सांगायचं असेल तर 'नोलिते फ्लेरे'. रडू नको, रडू नका. 'मला चहा नको' आणि 'तू रडू नको' या दोन्हींत आपण एकच शब्द वापरतो, त्यातही नको असणं आणि करू नये असं सांगणं एकमेकांत मिसळलेलं आहे, आणि एकवचन-अनेकवचन बदलतं. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा पुस्तकात इंग्रजी स्पष्टीकरण अर्धं पान होतं. मराठीत ते 'नको-नका' एवढंच आहे.

'हो'ला लॅटिनमध्ये एक ठरलेला शब्द नाही. 'आलास का?' असं विचारलं तर रोमन माणूस बहुधा क्रियापदच परत करी: 'आलो'. आपणही तेच करतो. 'प्लीज'साठी 'क्वाइसो', म्हणजे 'विनवतो', किंवा 'सिस', म्हणजे 'तुझी इच्छा असेल तर'. ज्यांच्या घरी 'कृपया' हा शब्द फक्त रेल्वेच्या घोषणेत ऐकू येतो त्यांना यात नवल वाटू नये.

आणि एकोणीस! लॅटिनमध्ये एकोणीसला 'उन्देविगिन्ती' म्हणतात: 'उन' एक, 'दे' उणे, 'विगिन्ती' वीस. एकोणतीसला 'उन्देत्रिगिन्ता'. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना एकोणसाठ, एकोणसत्तर शिकवताना घरोघरी जी रडारड चालते ती रोमन घरांतही चालत असणार. रोमन लोक तर एक पाऊल पुढे: अठराला 'दुओदेविगिन्ती', म्हणजे दोन उणे वीस.

दहावीपर्यंत संस्कृत होतं. फायदा होईल?

भरपूर, पण फसगतही होईल.

फायदा असा की विभक्ती म्हणजे काय हे तुम्हाला समजावावं लागत नाही. 'दन्तम्' आणि 'देन्तेम' शेजारी ठेवा: दोन्ही द्वितीया एकवचन, दोन्हींचा अर्थ 'दाताला'. अस्ति आणि 'एस्त', सप्त आणि 'सेप्तेम', अग्नि आणि 'इग्निस', जानु आणि 'गेनु'. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं, ते अशाच जोड्या पाहून. 'अजेंडा' आणि 'मेमोरँडम' हे शब्द तर तुम्ही वापरताच. तो आपला तव्य-अनीय प्रकार आहे. आगेन्दा म्हणजे करणीय गोष्टी, मेमोरान्दुम म्हणजे स्मरणीय. 'अमांडा' नावाची मैत्रीण असेल तर तिला सांगा, तिच्या नावाचा अर्थ 'प्रेम करण्याजोगी'.

फसगत अशी: लॅटिनमध्ये द्विवचन नाही आणि विभक्त्या कमी आहेत. संस्कृतची तृतीया, पंचमी आणि जवळजवळ सगळी सप्तमी एकट्या 'आब्लातिवुस' नावाच्या विभक्तीने पोटात घातली. शाळेतून आणायच्या 'बोनाफाईड' दाखल्यात तीच आहे: 'बोना फिदे', चांगल्या विश्वासाने. कोर्टाच्या बातमीत जे 'सुओ मोटो' लिहितात तेही तीच विभक्ती. खरं रूप 'सुओ मोतू', आपल्याच प्रेरणेने, म्हणजे चक्क 'स्वतःहून'. शेवटचा ऊ खाऊन ओ करायची सवय इतकी पसरली आहे की वकील मित्रांनाही मी आता टोकत नाही.

लॅटिनमध्ये शब्द कसेही मागेपुढे केले तरी चालतात म्हणे?

चालतात, पण आपल्याकडे चालतात तितकेच. 'कानिस पुएरुम मोर्देत': कुत्रा मुलाला चावतो. 'पुएरुम कानिस मोर्देत': मुलाला कुत्रा चावतो. चावणारा बदलत नाही, भर बदलतो. चावणारा बदलायचा असेल तर शेपट्या बदला: 'पुएर कानेम मोर्देत', आणि मुलाला दवाखान्यात न्या. क्रियापद शेवटी टाकण्याची रोमन सवय तर आपलीच. गोंदवताना मात्र लोक शब्द दोन ओळींत तोडतात, तेव्हा कुठला शब्द कुठे तुटतो तेवढं विचारून घ्या.

मी बाई आहे. त्याने वाक्यात फरक पडतो?

पडतो आणि तो विसरला जातो. पुरुष 'लिबेर', बाई 'लिबेरा'. निर्भय पुरुष 'इम्पाविदुस', निर्भय बाई 'इम्पाविदा'. इंटरनेटवरून उचललेली वाक्यं बहुधा पुल्लिंगी असतात. एका मुलीच्या मनगटावर मी 'मी निर्भय झालो' अशा अर्थाचं लॅटिन वाचलं आहे. ती खूश होती, मी गप्प बसलो.

पळवाटही आहे. 'सिने मेतू' म्हणजे भीतीविना. यात लिंग नाही, वचन नाही, चूक व्हायला जागा नाही. गोंदवणाऱ्यांना मी शक्यतो असंच काहीतरी सुचवतो.

याच ओघात: 'मी त्या कॉलेजचा अलुम्नाय आहे' हे चुकीचं आहे. एक पुरुष 'अलुम्नुस', एक बाई 'अलुम्ना', पुष्कळ बायका 'अलुम्नाय', आणि पुष्कळ पुरुष किंवा मिसळ 'अलुम्नी'. शब्दाचा अर्थ पोसलेला. ज्या 'आल्मा मातेर'ने पोसलं तिच्यातही तोच धातू आहे.

मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपने का करू नये?

करा, पण खात्री केल्याशिवाय कातडीवर उतरवू नका. यंत्र आता पूर्वीपेक्षा खूप बरं करतं हे मान्य. अडचण यंत्राची कमी आणि तुमच्या वाक्याची जास्त आहे. 'लाइट' म्हणजे उजेड की हलकं, 'राइट' म्हणजे उजवा, बरोबर की हक्क, हे तुम्ही सांगितलं नाही तर ते एक काहीतरी धरून चालतं आणि तुम्हाला विचारत नाही. निदान एवढं करा: आलेला प्रत्येक लॅटिन शब्द लॅटिन-इंग्रजी कोशात उलटा शोधा. 'लेविस' शोधलात आणि 'वजनाने हलका' असं दिसलं, तर 'माझ्या आयुष्याचा उजेड' तिथेच विझेल.

एक इशारा. लॅटिनसारखं दिसतं ते सगळं लॅटिन नसतं. 'इल्लेगितिमी नोन कार्बोरुन्दुम' हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पसरलेलं थट्टेचं वाक्य आहे. हरामखोरांना तुला झिजवू देऊ नकोस, असा त्याचा मानलेला अर्थ. त्यातला कार्बोरुन्दुम म्हणजे धार लावायचा कार्बोरंडमचा दगड, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. शेपटी लॅटिनसारखी आहे म्हणून खपून गेलं. आणि पत्रिका, ब्रोशर छापणाऱ्यांच्या पडद्यावर जे 'लोरेम इप्सुम' असतं ते रोमन वक्ता किकेरो याच्या इसवी सनापूर्वी ४५ मधल्या लेखनाची मोडतोड आहे. 'दोलोरेम इप्सुम', म्हणजे प्रत्यक्ष दुःख, यातलं पहिलं 'दो' कापलं गेलं. 'लोरेम' असा शब्दच नाही. तरी एकाने त्याचा अर्थ विचारून, तो सांगितल्यावर, 'तरी चालेल, दिसतं छान' असं मला कळवलेलं आहे.

उच्चार कसा करायचा?

कोणासमोर करणार त्यावर अवलंबून. अभिजात उच्चारात 'क' कायम क राहतो, म्हणून वर किकेरो लिहिलं. चर्चच्या, म्हणजे इटालियन वळणाच्या उच्चारात ए आणि इ यांच्याआधी त्याचा च होतो: चिचेरो. इंग्रजांनी त्याचा सिसेरो केला. सीझरचं प्रसिद्ध वाक्य अभिजात उच्चारात 'वेनी वीदी वीकी', चर्चमध्ये 'वेनी वीदी वीची'. गोव्यात आणि वसईत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी, म्हणजे १९६२ ते १९६५ च्या आधी, मिस्सा लॅटिनमध्येच होई. तिथल्या जुन्या माणसांच्या कानात अजून च-वालाच उच्चार आहे. त्यांच्यापुढे 'किकेरो' म्हटलंत तर तुम्हालाच दुरुस्त करतील.

देवनागरीचा एक फायदा आहे. ऱ्हस्व-दीर्घ दाखवता येतं आणि लॅटिनमध्ये त्याने अर्थ बदलतो. 'मलुम' म्हणजे वाईट, 'मालुम' म्हणजे सफरचंद. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग एकच.

जन्मतारीख रोमन आकड्यांत घालायची आहे.

आकडे घालणं सोपं आहे, ते मी लगेच देतो. पण 'रोमन पद्धतीने तारीख' हवी असेल तर जरा बसा. रोमन लोक महिन्याचे दिवस एक, दोन, तीन असे मोजत नसत. पुढच्या ठरावीक दिवसापासून मागे मोजत, आणि दोन्ही टोकं धरत. १५ ऑगस्ट म्हणजे 'सप्टेंबरच्या कालेन्दाइच्या आधीचा अठरावा दिवस'; कालेन्दाइ म्हणजे महिन्याची पहिली तारीख. १५ ते ३१ ऑगस्ट हे सतरा दिवस आणि १ सप्टेंबर धरून अठरा. त्यात तो अठरावाही 'दोन उणे विसावा'. हे ऐकल्यावर बहुतेक जण साध्या आकड्यांवर येतात.

'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला दिसतो तो शिलालेखांमुळे. दगडावर दोन्हींना एकच अक्षर होतं. हवं तर तसं करा, पण मग सगळीकडे करा.

आमच्या शाळेला लॅटिन बोधवाक्य हवंय.

का हवंय, हे आधी विचारतो. संस्थेचा लॅटिनशी काही धागा असेल तर शोभतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं 'प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम', उडायला उद्युक्त करणारा, हे जेझुइटांच्या घरातून आलं; लॅटिन बायबलात पिल्लांना उडायला लावणाऱ्या गरुडाचं वर्णन आहे, तिथले शब्द. पुण्याच्या पेपल सेमिनरीचं वाक्य त्याहून शिकण्यासारखं आहे. ही सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला निघाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली. वाक्य असं: 'फिलिई तुई, इंदिया, आदमिनिस्त्री तिबी सालुतिस.' हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक. 'इंदिया' संबोधन, 'तिबी' चतुर्थी, 'सालुतिस' षष्ठी, आणि क्रियापद गायब. ते गाळलं म्हणूनच वाक्य बोधचिन्हात मावलं. मराठी म्हणींतही आपण क्रियापद असंच गिळतो: नाचता येईना, अंगण वाकडं.

जुन्या मुंबईचं 'उर्ब्स प्रीमा इन इन्दिस' अनेकांना माहीत असतं, 'हिंदुस्थानातलं पहिलं शहर'. 'उर्ब्स' स्त्रीलिंगी, म्हणून 'प्रीमा'. 'इन्दिस' हे देशाचं नसून लोकांचं नाव आहे, शब्दशः 'हिंदी लोकांत'. लोकांच्या नावाने मुलूख सांगायची रोमन तऱ्हा. महापालिकेने पुढे 'यतो धर्मस्ततो जयः' घेतलं, आणि माझ्या मते बरं केलं.

एका शाळेच्या प्रवेशद्वारावर मी संगमरवरात कोरलेलं लॅटिन वाक्य पाहिलं. शाळेचं नाव सांगत नाही. 'शाळेतून' म्हणताना 'एक्स' या शब्दापुढे 'स्कोलाम' लिहिलं होतं. हवं 'स्कोला', शेवटचा आ लांबवून. म्हणजे आपण 'शाळेतून'ऐवजी 'शाळेलातून' कोरावं तसं. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'सर, सहा वर्षं झाली, पहिले तुम्हीच.' दगड अजून तसाच आहे.

वनस्पतींची नावं लॅटिनच असतात ना? नव्या जातीचं नाव कसं ठेवायचं?

नाव लॅटिनसारखं चालवावं लागतं, मुळात लॅटिन असलंच पाहिजे असं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये आंब्याला 'मान्गिफेरा इंदिका' म्हटलं, त्यात 'मान्गा' हा आपल्याकडचाच शब्द आणि 'फेरा' म्हणजे धारण करणारी. पिंपळ 'फिकुस रेलिगिओसा'. इथे नवशिके हमखास अडतात: फिकुस उसकारान्त, मग 'रेलिगिओसुस' का नाही? कारण लॅटिनमध्ये झाडं सहसा स्त्रीलिंगी. शेपटी पुरुषाची, वागणूक बाईची.

जागेवरून नाव द्यायचं तर 'एन्सिस' लावतात, पण प्रजाती, म्हणजे नावाचा पहिला शब्द, नपुंसकलिंगी असेल तर 'एन्से': 'दिपकादी कोन्कानेन्से', कोकणातली दिपकाडी. माणसावरून द्यायचं तर षष्ठी. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांच्यावरून 'सेरोपेजिया महाबळेई', म्हणजे अक्षरशः 'महाबळ्यांची'. बाईच्या नावावरून असेल तर 'आय'ची शेपटी. शिंदळ माकुडी या वनस्पतीची गंमत पाहा. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने तिला 'फ्रेरेया इंदिका' म्हटलं: मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून प्रजाती, आणि 'इंदिका' विशेषण. पुढे तिला दुसऱ्या प्रजातीत हलवलं तेव्हा ती 'फ्रेरेई' झाली, फ्रेअरची. साहेब नावात राहिला, फक्त प्रथमेतून षष्ठीत गेला.

नव्या वनस्पतीचं वर्णनही लॅटिनमध्येच हवं ही अट १९३५ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं, तेव्हापासून वनस्पतिशास्त्रवाल्यांचे फोन कमी झाले. एक जुनी गोष्ट मात्र प्रत्येकाला सांगतो. मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्तुस मालाबारिकुस' हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी माहितीची ग्वाही दिली आहे, आणि ती ग्वाही कोंकणीत, नागरी अक्षरांत छापलेली आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं तेही लॅटिनच का?

बरंचसं. वरचा तो 'आर-एक्स' म्हणजे 'रेकिपे', घे. 'बीडी' म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. 'टीडीएस' म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यायचं. सुमेन्दुम पुन्हा तव्य-अनीय. 'एसओएस' म्हणजे 'सी ओपुस सित', गरज पडली तर. आमच्या आजोबांच्या चिठ्ठीवर मेडिकलवाल्याने 'बीडी, जेवणानंतर' असं मोठ्याने वाचलं, तेव्हा आजी काउंटरवरच म्हणाली, 'ती सोडवायलाच तर डॉक्टरकडे गेलो होतो.'

मोबाइल, कॉम्प्युटर यांना लॅटिन शब्द आहेत?

आहेत, कारण व्हॅटिकनला लागतात. कॉम्प्युटर 'कोम्पुतात्रुम'. त्यातलं 'त्रुम' साधनाचं, आपल्या शस्त्र, पात्र, यंत्र यांतल्या 'त्र'चं सख्खं भावंडं. मोबाइलला 'तेलेफोनुम गेस्ताबिले', बाळगण्याजोगा दूरध्वनी. व्हॅटिकनमधलं एटीएम लॅटिनमध्ये 'कार्ड आत घाला' म्हणतं, तेही 'क्वाइसो' लावून.

मेलेली भाषा काय कामाची, असं विचारणाऱ्यांना ११ फेब्रुवारी २०१३ ची सकाळ सांगावी. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी राजीनामा लॅटिनमध्ये वाचून दाखवला. ऐकणाऱ्या पत्रकारांत आन्सा वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांना लॅटिन येत होतं. त्यांना कळलं आणि बातमी आधी त्यांनी दिली.

सिंध जिंकल्यावर ब्रिटिश सेनापती नेपियरने खरंच एका शब्दाची तार केली होती?

नाही. 'पेक्कावी', म्हणजे 'मी पाप केलं'; इंग्रजीत ते 'आय हॅव सिन्ड', आणि ऐकायला 'माझ्याकडे सिंध आहे'. हा श्लेष कॅथरीन विंकवर्थ या तरुण मुलीला सुचला आणि १८४४ मध्ये 'पंच' साप्ताहिकात छापून आला. नेपियरने सिंध घेतला १८४३ मध्ये. पण लॅटिनचा खेळ किती नेमका असू शकतो याचा हा उत्तम नमुना: एक शब्द, त्यात कर्ता, काळ आणि कबुलीजबाब.

माझं नाव लॅटिनमध्ये कसं लिहू?

आकारान्त मुलींची मजा आहे. 'आशा' तशीच राहते आणि षष्ठीत 'आशाइ' होते, मध्ययुगीन उच्चारात 'आशे'. शाळा-शाळे असं सामान्यरूप आपण करतो त्याच चालीवर. मूळ एक नाही, योगायोग आहे, पण लक्षात राहायला बरा. मुलांना 'उस' लावतात. चिनी कोंग फूत्झचा 'कोन्फुकिउस' मिशनऱ्यांनी असाच केला. राहुलचा 'राहुलुस' मी करून देतो, पण मित्र काय म्हणतील याची जबाबदारी घेत नाही.

इंग्रजीऐवजी मराठी वाक्य पाठवलं तर?

तेच पाठवा. मागच्या वर्षी एका मुलाने आईसाठी एक इंग्रजी ओळ पाठवली. शुभेच्छापत्रावरची होती, सगळी विशेषणांची. मी विचारलं, आईला मराठीत काय म्हणशील? दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: 'मी जे काही आहे ते तुझं देणं.'

'क्विदक्विद सुम, तिबी देबेओ.' जे काही मी आहे, ते तुझं देणं लागतो. 'जे काही'ला एक शब्द, 'तुला'ची चतुर्थी, आणि 'लागतो'त लिंगसुद्धा नाही, म्हणून त्याच्या बहिणीलाही तेच चाललं. दोघांनी मिळून गोंदवून घेतलं. स्पेलिंग मी फोनवर एकेक अक्षर सांगितलं, गोंदवणाऱ्याने परत वाचून दाखवलं, आणि 'देबेओ'तला दुसरा ए दोनदा विचारून घेतला.